डावीकडे, वर

म्हापशाच्या शुक्रवारात, मयड्याच्या केळ्यांपलीकडे
जुने चार्जर, रिमोट, बंद घड्याळं मांडून बसलेल्या माणसाकडून
मी तो घेतला. साडेसहाशे म्हणाला, पाचशेला दिला.
साबणाच्या वडीएवढा, चंदेरी, कोपरे झिजलेले,
बॅटरीचं झाकण रबरबँडने आवळलेलं.
तळाशी मार्करने एक नाव: लॉयोला, केबिन नऊ.

स्वभाव कळायला महिना गेला.
बटण दोनदा दाबायचं, मध्ये एक श्वास घ्यायचा.
लेन्सची नळी बाहेर येते ती जात्यासारखी करकरत.
डिसेंबरच्या पहाटे बॅटरी चार फोटोंत मान टाकते,
मग काढून काखेत धरायची,
उबली की आणखी दोन देते.
पण काढली की तारीख विसरतो,
एक जानेवारी दोन हजार पाच.
माझ्या पहिलीच्या वर्गातली मुलं, पुढचे दात पडलेली,
त्या केशरी आकड्यांवर उभी आहेत
जन्माच्या कितीतरी आधी.

पावसाळ्यात मुक्काम तांदळाच्या डब्यात.
एकदा मापट्यातून थेट सुपात आला,
घरच्यांनी अजून सोडलेलं नाही मला त्यावरून.

आणि ठिपका.
प्रत्येक फोटोत डावीकडे, वर,
मोहरीएवढा, करडा, कडेला पुसट.

डिचोलीत शाणू कुंडईकरने भिंग लावून पाहिलं.
'कण भितर आसा. काडूं? चारशें पडटले.'
विचार करते म्हटलं.

त्याच रात्री कार्ड काढलं तर पडद्यावर भलतेच फोटो आले.
यंत्राच्या पोटात कुणाचं तरी राहून गेलेलं.
जहाजाचं डेक. दोरखंडावर बर्फ.
पत्र्याच्या टेबलावर केक, भोवती केशरी डगल्यांतले सात जण.
एकात नुसतं बोट.
आभाळ सगळीकडे कोरं.
मग वाळू, उलटी होडी,
एक पोरगा, कोपरापर्यंत ओला, हात पुढे केलेला,
इतका जवळ की बोटं धूसर.
आणि त्यापुढचा फोटो तिरका, समुद्र एका बाजूला सांडतोय,
अर्ध्या चड्डीतला एक बाप्या पोट धरून हसतोय.
डावीकडे, वर, ठिपका.

नंतर मालक बदललेला दिसतो.
खड्डा. खड्डा. फुटका साकव.
खड्डा, शेजारी चप्पल, माप कळावं म्हणून.
पंचायतीतला कुणी असणार.
नाव माहीत नाही, चप्पल कुठेही ओळखेन.
एकवीस खड्ड्यांनंतर, मधेच,
दारात एक बाई, हात पिठाचे, फोटो काढला म्हणून चिडलेली.
त्यानंतर पुन्हा खड्डे.
ठिपका तिच्याही डोक्यावर आहे.
त्याला तो दिसला असेल का?
की खड्ड्यांपुढे एवढंसं काय, असं म्हणाला असेल?

मी बुधवारी कुंडईकरकडे गेले.
'रावूं दी,' म्हटलं.
चारशे म्हणजे जवळजवळ दुसरा कॅमेरा, असं कारण दिलं.
तो हसला. रबरबँड मात्र नवा घातला, फुकट.

मयेच्या तळ्यावर सहल नेली तेव्हाचे फोटो
वर्गाच्या भिंतीला लावले.
साईराजची आई डबा द्यायला आली, म्हणाली,
'टीचर, ही घार ना?'
मी हो म्हटलं. तेवढं एक खोटं.

आता वर्गाचा फोटो काढायचा म्हटलं
की कुणी माझ्याकडे बघत नाही.
बटण एकदा दाबते, श्वास घेते,
तोवर सव्वीस माना वर, घार शोधायला,
सगळ्या एकाच कोपऱ्याकडे.
फोटोतली डावी बाजू म्हणजे आपली उजवी,
हे त्यांनी आपसात कधीच ठरवून टाकलंय.
फक्त वेदश्री पालयेकर
स्वतःची डावी धरून
भलतीकडेच बघते,
आणि तोंड उघडं,
जणू तिला दिसली.